आठवी-नववीची मुले स्वतःहून पुस्तक हातात घेतील, यासाठी शाळेने काय करावे?

प्रश्न : मराठी शिक्षिका, करवीर तालुका

नमस्कार. मी करवीर तालुक्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना मराठी शिकवते. आमची बहुतेक मुले आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून येतात. शाळा सुटल्यावर त्यांपैकी अनेकांना वैरण आणायची असते, धारा काढायच्या असतात, आणि मुलींच्या वाट्याला त्याखेरीज संध्याकाळचा स्वयंपाकही येतो. अशा मुलांना पाठ्यपुस्तकापलीकडचे वाचन हवेसे वाटावे यासाठी नेमके काय करता येईल, हे अनुभवी मंडळींना विचारावे म्हणून लिहीत आहे.

शाळेच्या ग्रंथालयात पुस्तके कमी नाहीत, परंतु ती कुलूपबंद कपाटांत आहेत. पूर्णवेळ ग्रंथपाल नसल्यामुळे ग्रंथालयाचा कार्यभार एका विज्ञान शिक्षकांकडे दिलेला आहे, आणि पुस्तक हरवले तर त्याची जबाबदारी त्यांच्यावर येत असल्याने ते कपाट उघडायला कचरतात, यात त्यांचाही दोष नाही. वेळापत्रकात आठवड्याला एक ग्रंथालयाची तासिका आहे. मात्र आठवीला एनएमएमएस या केंद्रीय शिष्यवृत्ती परीक्षेचे जादा तास असतात, दहावीला सराव परीक्षा असतात, त्यामुळे ती तासिका बहुतेक वेळा गणिताकडे किंवा विज्ञानाकडे जाते. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनी सारी शाळा पुस्तके घेऊन बसते आणि त्या एका तासात मुले मन लावून वाचतात, हे मी स्वतः पाहिले आहे. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती पुस्तके त्यांच्या हाती लागत नाहीत.

दरमहा एक पुस्तक वाचून त्याचा सारांश वहीत लिहावा, असाही उपक्रम आमच्याकडे चालतो. वह्या तपासताना एकच वाक्य दहा वह्यांत सापडते, आणि कित्येकदा ते वाक्य पुस्तकाच्या मलपृष्ठावरचे असते. पाचवी-सहावीत ‘मॅडम, गोष्टीचे पुस्तक द्या’ म्हणून मागे लागणारी हीच मुले तेराव्या-चौदाव्या वर्षी पुस्तकापासून दूर का जातात, हे मला समजून घ्यायचे आहे. वाचनाला अंतर्गत मूल्यमापनात गुण द्यावेत का, सक्ती करावी का, आणि ज्यांना अजून अडखळतच वाचता येते त्या मुलांचे काय करावे, याविषयी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : ग्रंथपाल, कोल्हापूर शहर

मॅडम, गुण आणि सक्ती यांच्या आधी आपल्याला कुलपाचा विचार करावा लागेल. मी सार्वजनिक ग्रंथालयात काम करतो आणि आमच्या बालविभागात येणाऱ्या मुलांकडे पाहून एवढे खात्रीने सांगू शकतो की, जे पुस्तक हातात घेऊन चाळता येते, तेच पुस्तक मूल घरी नेते. काउंटरच्या पलीकडून नाव सांगून पुस्तक मागायचे असेल, तर मुलाला नाव आधीपासून माहीत असावे लागते, आणि ज्याने फारसे वाचलेलेच नाही त्याला नावे कुठून माहीत असणार? डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच सिद्धान्त प्रसिद्ध केले, त्यांतला पहिला सिद्धान्त ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत असे सांगतो. पुढचे दोन सिद्धान्त प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, असे बजावतात. शाळेच्या कपाटाला हे तिन्ही सिद्धान्त जसेच्या तसे लागू होतात.

कपाट सर्वांसाठी उघडणे लगेच शक्य नसेल, तर वर्गात वाचनपेटी ठेवावी. पत्र्याची एखादी साधी ट्रंक त्यासाठी पुरते. वर्गात जितकी मुले असतील त्याहून थोडी अधिक पुस्तके तिच्यात ठेवावीत, म्हणजे सर्वांत शेवटी उठणाऱ्या मुलालाही निवड करता येईल. पेटीतील पुस्तकांची यादी झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावी. देवघेवीची नोंद वर्गातील दोन विद्यार्थ्यांकडे सोपवावी आणि महिन्याच्या शेवटी आठवी ‘अ’ची पेटी ‘ब’कडे व ‘ब’ची ‘अ’कडे जावी. हे काम शक्यतो वर्गातील हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांकडे देऊ नये, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. पेटी सांभाळणारा विद्यार्थी रोज त्या पुस्तकांना हात लावतो, कोणते पुस्तक कोणी नेले आणि किती दिवसांत परत आणले हे त्याला पाठ होते, आणि बहुधा तोच त्या वर्गातला सर्वांत जास्त वाचणारा मुलगा किंवा मुलगी होतो.

पेटी भरताना एक अप्रिय काम करावे लागेल. अनेक शाळांच्या कपाटांत दाखल रजिस्टरावर शेकडो पुस्तके दिसतात, पण त्यांतील कित्येकांची पाने पिवळी पडलेली असतात, अक्षर अतिशय बारीक असते, किंवा ती मुळातच बी.एड.च्या संदर्भासाठी घेतलेली असतात. तेरा वर्षांच्या मुलासमोर अशी पुस्तके ठेवली तर त्याचे पुस्तकाविषयीचे मत तिथेच पक्के होते. फाटलेल्या व निरुपयोगी पुस्तकांचे रीतसर निर्लेखन करण्यासाठी, म्हणजे ती रजिस्टरातून कमी करण्यासाठी, शाळा समितीसमोर प्रस्ताव ठेवावा, आणि तो मंजूर होईपर्यंत ती पुस्तके निदान वेगळ्या कप्प्यात हलवावीत. उरलेली पुस्तके संख्येने थोडी असली तरी चालतील.

सारांशाच्या वहीविषयी माझे मत स्पष्ट आहे की ती बंद करावी. वाचून झाल्यावर काहीतरी लिहून द्यायचे आहे हे ठाऊक असले, की मूल पुस्तक निवडतानाच पाने मोजू लागते. मग ते पातळ पुस्तक घेते, काही दिवसांनी मलपृष्ठावर भागवते, आणि ज्या पुस्तकाने त्याला कदाचित रात्रभर जागे ठेवले असते त्याकडे वळतच नाही. आपल्या कुमारभारती या मराठीच्या पाठ्यपुस्तकात स्थूलवाचनाचे पाठ आहेतच. त्यांवर प्रश्नोत्तरे होतात, ती योग्यही आहेत. पेटीतल्या पुस्तकांना मात्र प्रश्नोत्तरांतून मुक्त ठेवावे, आणि पुस्तक आवडले नाही तर अर्धवट परत करण्याची उघड परवानगी द्यावी.

सारांशाऐवजी शिक्षकांनी एक गोष्ट स्वतः करावी. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे पेटीतले एखादे पुस्तक वर्गाला वाचून दाखवावे आणि जिथे पुढे काय होणार याची उत्सुकता शिगेला पोहोचते तिथे थांबावे. त्या पुस्तकाच्या दोन-तीन प्रती पेटीत असाव्यात, कारण तासिका संपताच त्यांच्यासाठी झुंबड उडते.

उत्तर : एक पालक, उद्यमनगर

मी शिक्षक नाही, वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. माझा मुलगा नववीत आहे आणि त्याला वाचनाची आवड नाही, असा शेरा त्याच्या प्रगतिपुस्तकावर आला आहे. घरी मात्र मला वेगळे दिसते. दुरुस्तीला आलेल्या इंजिनाबरोबर माहितीपुस्तिका असेल तर तो ती आकृत्यांसह समजून घेऊन वाचतो. आमच्या पेठेत फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवरच्या प्रत्येक सामन्याची बातमी तो दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात शोधून वाचतो आणि बातमीदाराने काय चुकीचे लिहिले आहे तेही सांगतो. खाशाबा जाधव आपल्या कोल्हापुरात राजाराम महाविद्यालयात शिकले आणि त्यांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवले, हे त्याला तालमीत कळले. तेव्हापासून त्यांच्याविषयी जिथे जे छापून आले आहे ते तो मिळवून वाचतो आहे.

त्याच्या शाळेच्या ग्रंथालयात कथा, कादंबऱ्या आणि थोर पुरुषांची चरित्रे आहेत, परंतु खेळांवर, यंत्रांवर, शेतीच्या अवजारांवर किंवा प्राण्यांवर जवळपास काहीच नाही. असे वाचन हे वाचन मानले जाते की नाही, हे शिक्षकांनी एकदा ठरवावे, अशी माझी विनंती आहे. मानले जात असेल तर त्या मुलाच्या हाती देण्यासारखे पुस्तक कपाटात असले पाहिजे.

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक, गडहिंग्लज

ग्रंथपालांच्या बहुतेक सूचना मला मान्य आहेत आणि पालकांचा मुद्दा तर शाळांनी गांभीर्याने घ्यावा असा आहे. तरीही पुस्तके मोकळी केली की मुले वाचू लागतील, यावर माझा पूर्ण विश्वास नाही, कारण वर्गातील काही मुलांसाठी अडचण पुस्तक न मिळण्याची नसून वाचता न येण्याची असते, आणि माध्यमिक शाळेत आपण ती गोष्ट उच्चारायलाही तयार नसतो. मुलांच्या शिक्षणाची देशभर पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटाची पाहणी आहे. त्या पाहणीत सुमारे २५ टक्के मुलांना स्वतःच्या प्रादेशिक भाषेतील इयत्ता दुसरीच्या पातळीचा मजकूरही ओघाने वाचता आला नाही. हे प्रमाण देशातील निवडक जिल्ह्यांवरून काढलेले आहे, त्यामुळे ते आपल्या तालुक्याला तसेच्या तसे लागू करता येणार नाही. परंतु मॅडमनी ज्या अडखळणाऱ्या मुलांचा उल्लेख केला आहे, ती मुले प्रत्येक शाळेत आहेत. अशा मुलाला प्रत्येक ओळीशी झगडावे लागते आणि ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात निसटलेली असते. त्याला वाचनाचा आनंद घे असे सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

म्हणून पेटी वर्गात नेण्यापूर्वी प्रत्येक मुलाला एकट्याने जवळ बोलावून पाचवीच्या पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद वाचायला द्यावा. हे वर्गासमोर करू नये आणि त्याची नोंद कोणालाही दाखवू नये. जी मुले अडखळतील त्यांच्यासाठी मूकवाचन पुरेसे होत नाही. अमेरिकेतील नॅशनल रीडिंग पॅनेलने २००० साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा मार्गदर्शनाखाली तोच उतारा पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचण्याने वाचनाचा ओघ सुधारतो, असे पॅनेलला आढळले. मुलांना नुसते शांतपणे वाचू देण्याने ओघ सुधारतो, असे म्हणण्याइतका पुरावा मात्र त्याला मिळाला नाही. मूकवाचन निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ होत नाही, आणि पॅनेलनेही तसा निष्कर्ष काढलेला नाही. परंतु अडखळणाऱ्या मुलाच्या शेजारी कोणीतरी बसले पाहिजे, एवढे यावरून समजते.

यात अडचण अशी येते की चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती चित्रांचे सोपे पुस्तक दिले तर त्याला अपमान वाटतो. त्यावर आमच्या भागात एक मार्ग निघाला आणि तो मला फार मोलाचा वाटतो. आठवीतल्या मुलांवर जवळच्या जिल्हा परिषद शाळेतील पहिली-दुसरीच्या मुलांना दर आठवड्याला एक गोष्ट वाचून दाखवण्याची जबाबदारी दिली. वाचून दाखवायचे म्हणजे आधी तयारी हवी, आणि तयारीसाठी तीच सोपी गोष्ट चार-पाच वेळा मोठ्याने वाचावी लागते. सोपे पुस्तक हातात असण्याला आता प्रतिष्ठेचे कारण मिळते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीतील सचित्र गोष्टी विनामूल्य उपलब्ध आहेत आणि त्या पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत, त्यामुळे त्यासाठी वेगळा खर्चही करावा लागत नाही.

आता सक्तीविषयी. वाचण्याच्या वेळेची सक्ती असावी, परंतु काय वाचायचे याची सक्ती नसावी. आठवड्याची एक तासिका टिकत नसेल तर तिचा आग्रह सोडून द्यावा आणि परिपाठानंतरची पंधरा मिनिटे रोज वाचनासाठी राखून ठेवावीत. ती मिनिटे कोणत्याही विषयाच्या तासिकेत येत नाहीत, म्हणून ती कोणी मागूनही घेत नाही. त्या वेळात शिक्षकांनी हजेरी पूर्ण करू नये, वह्या तपासू नयेत, परिपत्रकेही वाचू नयेत. त्यांनीही स्वतःचे पुस्तक वाचावे. मुलांची नजर आपल्यावर असते, आणि शिक्षकांच्या खोलीत कोणी कधीच काही वाचत नाही हे त्यांना आपल्यापेक्षा आधी कळलेले असते.

गुण मात्र देऊ नयेत. अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण कसे दिले जातात हे आपण सारेच जाणतो, आणि त्या हिशेबात वाचनाला ओढले तर सारांशाच्या वह्या दुसऱ्या नावाने परत येतील.

उत्तर : पदव्युत्तर विद्यार्थिनी, शिवाजी विद्यापीठ

मी कागल तालुक्यातील एका गावातून आले आहे आणि मराठी विषय घेऊन एम.ए. करत आहे. वरील चर्चेत मुलींचा उल्लेख प्रश्नात आला, पण उत्तरांत फारसा आला नाही, म्हणून थोडे लिहिते. गावाकडच्या बऱ्याच मुलींना पुस्तक घरी नेता आले तरी ते उघडायला सवड मिळत नाही. संध्याकाळी पुस्तक घेऊन बसलेल्या मुलीला ती रिकामी आहे असे समजून लगेच काम सांगितले जाते. तिच्या भावाला अभ्यास करत असल्याचा फायदा मिळतो, कारण त्याच्या हातातले पुस्तक कोणी उघडून पाहत नाही. अशा मुलींसाठी शाळेतला वेळ हाच वाचनाचा खरा वेळ असतो. म्हणून सरांनी सांगितलेली परिपाठानंतरची पंधरा मिनिटे मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. पेटी मधल्या सुट्टीतही उघडी राहावी, अशी त्यात भर घालते.

दुसरे म्हणजे आपल्या जिल्ह्यातले लेखन मुलांपर्यंत पोहोचले पाहिजे. आनंद यादव कागलचे. कष्टकरी शेतकऱ्याच्या घरातला मुलगा शिकण्यासाठी घरच्यांशी आणि परिस्थितीशी कसा झगडतो, हे त्यांनी ‘झोंबी’ या १९८७ च्या आत्मचरित्रात्मक कादंबरीत सांगितले आहे. त्या पुस्तकाला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नववीच्या मुलांना ते संपूर्ण पुस्तक जड जाईल आणि त्यातले काही प्रसंग त्यांच्या वयाला मोठेही वाटतील, परंतु शिक्षकांनी निवडून काढलेली काही पाने वाचून दाखवली तर मळा, मोट, जनावरे आणि त्याबरोबर शाळा बुडण्याची भीती या सगळ्या गोष्टी मुलांना आपल्याच घरातल्या वाटतात. आपण घरी बोलतो ती बोली पुस्तकात छापलेली असू शकते आणि तिला मानही मिळतो, हे ज्या दिवशी मुलाला दिसते त्या दिवशी पुस्तकाविषयीचे त्याचे परकेपण बरेच कमी होते. पन्हाळा परिसरात राहून लिहिणारे आणि स्वतः शिक्षकी पेशातले कृष्णात खोत यांना २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे. लेखक म्हणजे पुण्या-मुंबईचे किंवा केव्हाच होऊन गेलेले लोक, अशी मुलांची समजूत असते. आपल्या तालुक्यातला, एसटीने प्रवास करणारा आणि वर्गात शिकवणारा माणूसही लेखक असतो, हे त्यांना सांगितले पाहिजे.

ज्यांच्याकडे एका बैठकीत दहा-पंधरा मिनिटांहून अधिक वेळ नाही, त्यांना कादंबरीपेक्षा मासिके जवळची वाटतात. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक बालभारतीने आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचायला ठेवले आहेत. शाळेत प्रिंटर असेल तर त्यांतल्या निवडक गोष्टी छापून, शिवून पेटीत ठेवता येतात. दिवाळी अंकांची आपली परंपरा तर १९०९ पासूनची आहे. घरोघरी वाचून झालेले अंक पालकांकडून मागून घेतले, तर एकाही रुपयाच्या खर्चाशिवाय पेटी भरते. मात्र ते मुलांना देण्याआधी शिक्षकांनी चाळून पाहावेत, कारण सगळाच मजकूर मुलांसाठी लिहिलेला नसतो.

मराठी शिक्षिका, करवीर तालुका

सर्वांचे मनापासून आभार. लहान मुलांना वाचून दाखवण्याची कल्पना मला विशेष भावली. आमच्या आवाराला लागूनच प्राथमिक शाळा आहे, त्यामुळे ती लगेच सुरू करता येईल असे वाटते. उद्यमनगरच्या पालकांना उत्तर द्यायचे तर, माझ्या मते ते वाचनच आहे, आणि माझ्या वर्गातही असे विद्यार्थी असणार, त्यांना मी आता शोधणार आहे.

आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी मी पेटीविषयी बोलले. त्यांची तत्त्वतः संमती आहे, पण त्यांनी दोन शंका काढल्या. पुस्तके हरवली तर ती भरून कोणी द्यायची, ही पहिली शंका आहे. दुसरी अशी की, साठ मुलांच्या वर्गात रोज पंधरा मिनिटे खरोखर शांतता राहील का? शिवाय नवीन पुस्तकांसाठी निधी नाही, आणि वेतनेतर अनुदान ज्या खर्चांवर जाते त्यांत पुस्तकांचा क्रमांक शेवटचा असतो. यावर काही मार्ग असल्यास कळवावे.

उत्तर : ग्रंथपाल, कोल्हापूर शहर

निधीपासून सुरुवात करतो. आपल्या गावात किंवा शेजारच्या गावात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालय आहे का, हे पाहावे. कोल्हापूर जिल्ह्यात अशी ‘क’ आणि ‘ड’ वर्गाची, म्हणजे शासकीय वर्गवारीतील लहान ग्रंथालये खेड्यापाड्यांत पसरलेली आहेत, आणि त्यांना वाचकांची गरज असते. या बाबतीत आपला जिल्हा भाग्यवान आहे. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० साली झाली. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदाही कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली केला, म्हणजे मद्रास प्रांताच्या १९४८ च्या कायद्याच्याही आधी. महाराष्ट्राचा कायदा तर १९६७ चा आहे. गावोगावी ग्रंथालय असावे, हा विचार इथे जुना आहे. गावातल्या ग्रंथालयाच्या कार्यवाहांना भेटून शाळेच्या नावाने सामूहिक सभासदत्व मागावे आणि महिन्याला ठराविक पुस्तके पेटीसाठी आणावीत. अनेक कार्यवाह यासाठी आनंदाने तयार होतात, आणि काही जण तर पुस्तके स्वतः शाळेत आणून देतात. पालकांनी सांगितलेल्या विषयांवरची पुस्तके हवी असल्यास ती मागणी लेखी द्यावी, म्हणजे पुढच्या खरेदीच्या यादीत तिचा विचार होऊ शकतो.

हरवलेल्या पुस्तकांविषयी मुख्याध्यापकांची काळजी रास्त आहे. पेटीतील काही पुस्तके वर्षाअखेरीस परत येणार नाहीत हे गृहीत धरूनच सुरुवात करावी, तसे शाळा समितीला आधी सांगावे आणि त्याची इतिवृत्तात नोंद करून घ्यावी. एवढे झाले की कार्यभार सांभाळणाऱ्या शिक्षकांवरचे दडपण जाते. मुलाकडून दंड घेऊ नये. गरीब घरातला मुलगा दंडाच्या भीतीने पहिल्या दिवसापासून पुस्तकच नेत नाही, आणि नेमका त्याच्यासाठीच आपण पेटी ठेवलेली असते. हरवलेल्या पुस्तकाच्या बदल्यात त्याने जुन्या पुस्तकांना कव्हर घालून द्यावे किंवा फाटलेली पाने चिकटवून द्यावीत. असे काम मुले मनापासून करतात.

साठ मुलांच्या शांततेविषयी गडहिंग्लजच्या मुख्याध्यापक सरांनी अधिक अधिकाराने लिहावे.

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक, गडहिंग्लज

पहिले दोन आठवडे शांतता राहणार नाही. मुले पुस्तके बदलत राहतील, एकमेकांना चित्रे दाखवतील, काही जण नुसतेच पुस्तक उघडे ठेवून बसतील. त्या काळात रागावू नये आणि उपक्रम बंदही करू नये. पंधरा मिनिटे जास्त वाटली तर आठ मिनिटांनी सुरुवात करावी आणि मुलांनी थोडा वेळ वाढवून मागेपर्यंत थांबावे. शेजारच्या मुलाला पुस्तकातले काही सांगावेसे वाटणे ही चांगली खूण आहे. त्यासाठी शेवटची दोन मिनिटे बोलायला द्यावीत, म्हणजे आधीची मिनिटे आपोआप शांत होतात.

सुरुवात आठवीपासून करावी. दहावीचे वर्ष त्यासाठी योग्य नाही, आणि आज आठवीत रुजलेली सवय दोन वर्षांनी दहावीत आपोआप पोहोचते. वर्षभराच्या शेवटी सहल ठरवायची असेल तर सातारा जिल्ह्यातील भिलारचा विचार करावा. २०१७ मध्ये ते पुस्तकांचे गाव म्हणून उभे राहिले आणि तिथल्या घराघरांत पुस्तके वाचायला ठेवलेली आहेत. पेटी सांभाळणाऱ्या मुलांना तिथे नेले तर त्यांना आपल्या कामाचा अर्थ अधिक समजेल.

पहिली पेटी भरताना मात्र आपण शिक्षकांनी पुस्तके निवडू नयेत. आठवीतील पाच-सहा मुलामुलींना एका दुपारी उघड्या कपाटासमोर बसवावे. त्यांत किमान दोन जण असे असावेत ज्यांनी आजवर पुस्तक मागितलेले नाही. कोणते पुस्तक पेटीत जावे आणि कोणते जाऊ नये हे त्यांना ठरवू द्यावे आणि त्यांची कारणे लिहून ठेवावीत. पुढच्या वर्षीच्या खरेदीची यादी करताना तीच कारणे आपल्या उपयोगी पडतील.